‘नातेवाईकांनी बाहेर थांबा’ म्हणण्याआधी : वॉर्डात नव्याने रुजू होणाऱ्यांसाठी

वॉर्डात पहिल्या आठवड्यात पुष्कळ गोष्टी शिकवल्या जातात. सलाईनचा वेग, औषधांच्या वेळा, पुढच्या शिफ्टला हँडओव्हर कसा द्यायचा, केस पेपर कुठे ठेवायचे. पेशंटच्या घरच्यांशी कसं वागायचं, हे मात्र कुणी समोर बसवून शिकवत नाही. जुनी मंडळी ‘नातेवाईकांनी बाहेर थांबा’ म्हणतात, ते कानावर पडतं आणि नवे लोकही तेच म्हणायला लागतात. मीही तशीच शिकले.

ऑपरेशननंतरचा तिसरा दिवस होता, माझी नाईट ड्युटी. रात्री अकराच्या सुमारास पेशंटची बायको डेस्कपाशी आली. म्हणाली, “सिस्टर, हे आज माझ्याशी बोलतच नाहीयेत. उगाच पांघरुणाचे धागे ओढत बसलेत.” मी जाऊन बीपी बघितलं, नाडी बघितली. दोन्ही ठीक होतं. “झोप झाली नसेल, सकाळपर्यंत बरं वाटेल,” असं सांगून मी परत आले. श्वास मी मोजलाच नव्हता, मागच्या नोंदीतला 18 हा आकडा तसाच पुढे लिहिला होता. पहाटे त्यांना धाप लागली, ताप चढला आणि आयसीयूत हलवावं लागलं. जंतुसंसर्ग रक्तात पसरला होता. तीन आठवड्यांनी ते घरी गेले, पण पहिली खूण त्यांच्या बायकोनं सहा तास आधी आमच्या हातात दिली होती.

तिला वैद्यकशास्त्र येत नव्हतं, पण तो माणूस तिला ठाऊक होता. आपली शिफ्ट संपते, डॉक्टर बदलतात, वॉर्डसुद्धा बदलतो. दाखल झाल्यापासून घरी जाईपर्यंतचं सगळं पाहिलेली माणसं दोनच : पेशंट आणि त्याच्या सोबत राहणारं माणूस. त्यांना बाहेर ठेवून उपचार करणं म्हणजे सगळ्यात मोठी नोंदवही न उघडता काम करणं. म्हणून पेशंट आणि घरच्यांशी भागीदारी. ती कशी सुरू करायची, ते ज्या क्रमानं मी करते त्या क्रमानं लिहिते.

1. खुर्ची ओढा, नाव सांगा, नाव विचारा

इंग्लंडमध्ये केट ग्रेंजर नावाच्या एक डॉक्टर होत्या. त्यांना स्वतःला कर्करोग झाला. 2013 मध्ये त्या रुग्णालयात दाखल असताना त्यांच्या लक्षात आलं, की खाटेपाशी येणारे कितीतरी जण स्वतःचं नावच सांगत नाहीत. ‘नमस्कार, माझं नाव अमुक’ एवढंच म्हणा, अशी मोहीम त्यांनी सुरू केली आणि ती अनेक देशांत पोचली. एका डॉक्टरला पेशंट झाल्यावर जे जाणवलं, ते बाकीच्यांना रोज जाणवत असतं.

तेव्हा नाव सांगा आणि काम सांगा : “मी अमुक. आज रात्री आठपर्यंत तुमची नर्स मीच आहे.” मग त्यांना काय म्हणून हाक मारायची ते विचारा. आपल्याकडे आजी, काका, मावशी पटकन तोंडात येतं आणि त्यात मायाच असते. पण एकदा एक निवृत्त शिक्षिका मला म्हणाल्या, “मला ‘बाई’ म्हणाल का? चाळीस वर्षं तेच ऐकलंय.” त्यानंतरचे चार दिवस त्या वेगळ्याच माणूस होत्या. प्रश्न विचारायच्या, औषधाची वेळ झाली की आठवण करायच्या.

आणि बसा. कॅन्सस विद्यापीठाच्या रुग्णालयात केलेल्या एका पाहणीत डॉक्टर बसून बोलले तेव्हा पेशंटना ते जास्त वेळ थांबले असं वाटलं, वास्तवात वेळ वाढलेला नव्हता. वेळ नाही ही तक्रार खरीच आहे, म्हणून तर जो वेळ आहे तो उभ्याउभ्या वाया घालवू नका.

2. कुणाला काय सांगायचं, हे पेशंटलाच विचारा

खाटेभोवती चार माणसं उभी असतात आणि आपण त्यातल्या सगळ्यात मोठ्या आवाजाच्या माणसाशी बोलायला लागतो. पेशंट शुद्धीवर असेल, तर बोलणं आधी त्याच्याशी. तपासणीच्या वेळी घरचे दोन मिनिटं बाजूला असतानाच विचारून घ्या : “तुमच्या तब्येतीबद्दल कुणाकुणाला सांगू? असं काही आहे का, जे कुणाला सांगायचं नाही?” उत्तर केस पेपरवर लिहा, नुसतं लक्षात ठेवू नका. पुढच्या शिफ्टला ते दिसलंच पाहिजे.

घरच्यांपैकी एक माणूस ‘निरोप्या’ ठरवून घ्या, म्हणजे पाच जणांना पाच वेळा सांगावं लागत नाही आणि पाच वेगवेगळे अर्थही निघत नाहीत. मुलगा सही करायला पुढे येतो आणि रात्रभर जागते सून किंवा धाकटी बहीण. निरोप्या कोणीही असो, रात्री जागणाऱ्याला विसरू नका. माहिती तिच्याकडेच असते. “वडलांना काही सांगू नका,” असा आग्रह घरचे धरतात तेव्हा त्यांना झिडकारू नका. पेशंटला विचारा : “तुमच्या आजाराबद्दल तुम्हाला किती माहिती हवी आहे?” ज्याला हवी आहे, त्याच्यापासून ती लपवण्याचा अधिकार घरच्यांनाही नाही आणि आपल्यालाही नाही. हेच घरच्यांना शांतपणे समजवावं लागतं, कधीकधी दोनदा.

3. पहिली दीड मिनिटं गप्प राहा

1984 मध्ये अमेरिकेत झालेला एक अभ्यास प्रसिद्ध आहे. पेशंट बोलायला लागल्यावर डॉक्टर सरासरी 18 सेकंदांत त्याला तोडत होते. 2018 च्या दुसऱ्या एका अभ्यासात हा आकडा 11 सेकंदांवर आला होता. याच्या उलट बाजूचा अभ्यास मला जास्त मोलाचा वाटतो. स्वित्झर्लंडमध्ये बाझेलच्या बाह्यरुग्ण विभागात डॉक्टरांना सांगितलं होतं, पेशंट थांबेपर्यंत मध्ये बोलायचं नाही. पेशंट सरासरी किती वेळ बोलले? 92 सेकंद. 335 पैकी फक्त 7 जण पाच मिनिटांच्या पुढे गेले.

‘बोलू दिलं तर थांबणारच नाहीत’ ही भीती आपल्या सगळ्यांच्या मनात असते. ती या आकड्यांपुढे टिकत नाही.

‘काय होतंय?’ विचारून झालं की दुसरा प्रश्न विचारा : “या आजारपणात तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं काय आहे?” उत्तरं ऐकून थक्क व्हायला होतं. दुखणं कमी व्हावं, असंच सगळे म्हणत नाहीत. कुणी म्हणतं, स्वतःच्या पायानं संडासला जाता आलं पाहिजे. कुणी म्हणतं, गुंगीची औषधं कमी द्या, नातीशी बोलायचंय. या उत्तरानं उपचारात काहीतरी हललं पाहिजे. फिजिओथेरपीची वेळ, वेदनाशामकाचा डोस, कॅथेटर काढायचा दिवस, काहीही. विचारून काहीच बदलणार नसेल, तर दुसऱ्यांदा ते माणूस मनातलं सांगणार नाही.

4. राउंड खाटेपाशी आणि कळेल अशा भाषेत

खाटेच्या पायथ्याशी उभं राहून, पेशंटच्या डोक्यावरून, आपल्या भाषेत बोलणं ही राउंडची जुनी पद्धत. ती बदलता येते आणि बदलल्यावर काय होतं, हे मोजलेलं आहे. उत्तर अमेरिकेतल्या सात बालरुग्ण विभागांत राउंडची रीत ठरवून बदलली. घरच्यांनी आधी बोलायचं, नर्सनं सहभागी व्हायचं, सोपे शब्द वापरायचे, शेवटी ठरलेलं पुन्हा सांगायचं आणि लिहून द्यायचं. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार मुलांना इजा करणाऱ्या चुका सुमारे 38 टक्क्यांनी घटल्या. एकूण चुकांची संख्या मात्र बदलली नाही, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. राउंडला लागणारा वेळ वाढला नाही.

तुम्ही नवे असाल तर राउंड तुमच्या हातात नसतो, मान्य. पण राउंडच्या आधीची दहा मिनिटं असतात. त्या वेळात सोबतच्या माणसाला कागद-पेन द्या आणि सांगा : “डॉक्टर येतील. विचारायचं असेल ते इथे लिहून ठेवा, पहिले तीन प्रश्न मी त्यांच्यापुढे ठेवते.” राउंड चालू झाला की तुम्ही फक्त एवढंच म्हणायचं, “सर, यांचे तीन प्रश्न आहेत.” मी हे करायला लागले तेव्हा दुपारी डेस्कभोवती होणारी गर्दी कमी झाली. डॉक्टर निघून गेल्यावर “ते काय म्हणाले?” हे विचारायला लोक येत होते, ते थांबले.

5. ‘समजलं ना?’ हा प्रश्न सोडून द्या

या प्रश्नाला एकच उत्तर येतं : “हो.” भीतीनं, संकोचानं किंवा तुम्ही घाईत दिसता म्हणून. ऐकलेल्या वैद्यकीय माहितीपैकी 40 ते 80 टक्के पेशंट लगेच विसरतात, असं अभ्यास सांगतात. आणि जे लक्षात राहतं, त्यातलंही जवळजवळ निम्मं चुकीचं असतं.

उपाय सोपा आहे. सांगून झालं की त्यांच्याकडून वदवून घ्यायचं. पण परीक्षा घेतल्यासारखं नाही. जबाबदारी आपल्याकडे घ्यायची. रक्त पातळ ठेवणारी गोळी घेऊन घरी निघालेल्या एका पेशंटच्या बायकोशी झालेलं बोलणं असं होतं :

“काकू, मी नीट सांगितलं की नाही, ते मला बघायचंय. घरी गेल्यावर मुलानं विचारलं, बाबांना ही गोळी कशी द्यायची, तर त्याला काय सांगाल?”

“संध्याकाळी एक. आणि विसरली तर दुसऱ्या दिवशी दोन.”

काकू अर्धा तास मान डोलावत ऐकत होत्या. ‘समजलं ना?’ विचारून मी निघाले असते तर या दोन गोळ्या घरी गेल्या असत्या आणि त्यातून रक्तस्राव होऊ शकला असता. मी पुन्हा बसले. राहिलेली गोळी त्याच दिवशी आठवली तर द्यायची, दुसऱ्या दिवशी आठवली तर ती सोडून द्यायची, डबल कधीच नाही. अंगदुखीची गोळी स्वतःच्या मनानं द्यायची नाही. शी काळी झाली, हिरड्यांतून रक्त आलं, डोक्याला मार बसला, तर वाट न बघता यायचं. पुन्हा वदवून घेतलं. दुसऱ्या वेळी काकूंनी डोक्याच्या माराचं सोडून सगळं सांगितलं, तिसऱ्या वेळी तेही आलं.

एका वेळी दोन-तीनच गोष्टी सांगा. इन्सुलिनची सुई, ड्रेसिंग, युरिन बॅग, असं हातानं करायचं काम असेल तर तोंडी उत्तर पुरत नाही. आपण करून दाखवायचं, मग त्यांना करायला लावायचं, आपले हात मागे ठेवून.

6. ‘आज काहीतरी वेगळं वाटतंय’

बाकी सगळं विसरलात तरी ही पायरी विसरू नका.

2001 मध्ये जोसी किंग नावाची दीड वर्षांची मुलगी अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात दगावली. भाजल्यामुळे ती दाखल झाली होती आणि बरी होत आली होती. ती तहानेनं व्याकूळ आहे, आंघोळ घालताना ओलं फडकं चोखतेय, हे तिच्या आईनं पाहिलं आणि पुन्हा पुन्हा सांगितलं. शरीरातलं पाणी कमी झालेल्या त्या मुलीला पुढे अफूवर्गीय औषध दिलं गेलं आणि तिचं हृदय थांबलं. तिची आई सॉरेल किंग त्यानंतर रुग्णसुरक्षेच्या कामाला लागली. 2005 मध्ये पिट्सबर्गमधल्या एका रुग्णालयानं तिच्या प्रेरणेतून अशी सोय केली, की घरचे स्वतः फोन करून तातडीचं पथक बोलावू शकतील. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड राज्यात रायन सॉन्डर्स या मुलाच्या 2007 मधल्या मृत्यूनंतर ‘रायन्स रूल’ हा अशाच सोयीचा नियम आला, तर इंग्लंडमध्ये 13 वर्षांच्या मार्था मिल्सच्या 2021 मधल्या मृत्यूनंतर ‘मार्थाज रूल’. या मुलांच्याही आईवडिलांनी धोका ओळखला होता आणि त्यांचं ऐकलं गेलं नव्हतं.

तुमच्या रुग्णालयात असा नियम नसला तरी तुमच्या शिफ्टमध्ये तो तुम्ही पाळू शकता :

घरच्यांनी काळजी बोलून दाखवली की त्यांचे शब्द जसेच्या तसे लिहा. ‘नातेवाईक चिंताग्रस्त’ असं नाही, तर ‘पत्नी सांगते : बोलत नाहीत, पांघरुणाचे धागे ओढतात.’ वेळ टाका. त्यांच्या शब्दांत निदान दडलेलं असतं, आपल्या शब्दांत ते पुसलं जातं.

मग नव्यानं सगळं मोजा. श्वास पूर्ण एक मिनिट, घड्याळ हातात धरून. तब्येत ढासळताना श्वासाचा वेग बऱ्याचदा सगळ्यात आधी बदलतो आणि अंदाजानं सगळ्यात जास्त तोच लिहिला जातो. वयस्कर पेशंट असेल तर घरच्यांना एक प्रश्न : “हे नेहमीपेक्षा जास्त गोंधळलेले वाटतात का?” या एकाच प्रश्नानं वातभ्रम (आजारपणात अचानक येणारा गोंधळलेपणा) ओळखायला मोठी मदत होते, कारण नेहमीचे ते कसे असतात, हे आपल्याला माहीतच नसतं.

आकडे ठीक आले तरी डॉक्टरांना कळवा. “आकडे बरे आहेत, पण बायकोला काळजी वाटतेय आणि मला ती महत्त्वाची वाटते,” हे कारण पुरेसं आहे. आणि परत जाऊन घरच्यांना सांगा : काय बघितलं, काय सापडलं, पुन्हा कधी बघायला येणार. ठरलेल्या वेळी जा.

शिफ्टच्या सुरुवातीलाच मी सोबतच्या माणसाला म्हणते, “तुम्ही यांना माझ्यापेक्षा जास्त ओळखता. काही वेगळं वाटलं तर मला उठवा. मी जेवत असले तरी.” दहा वेळा काही निघत नाही. त्या दहाही वेळा तितक्याच शांतपणे जायचं, म्हणजे अकराव्या वेळी ते डेस्कपर्यंत येतील.

7. चिडलेला नातेवाईक

आवाज चढतो, तेव्हा त्याखाली बहुतेक वेळा भीती असते. किंवा तीन जणांनी सांगितलेल्या तीन वेगळ्या गोष्टी असतात. त्यांना वॉर्डातून बाजूला न्या, बसवा, पाणी द्या. “शांत व्हा” म्हणू नका. “सकाळपासून कुणी काही सांगितलं नाही, म्हणून तुम्ही घाबरलात, बरोबर?” असं म्हणून बघा. माहीत असेल ते सांगा, नसेल तर कुणाला विचारून किती वाजेपर्यंत कळवाल ते सांगा. शिवीगाळ किंवा अंगावर येणं मात्र सहन करायचं नाही. लगेच वरिष्ठांना आणि सुरक्षारक्षकांना बोलवा. भागीदारी म्हणजे स्वतःला धोक्यात घालणं नव्हे.

8. चूक झाली, तर

लपवू नका. आधी पेशंटला सुरक्षित करा, वरिष्ठांना सांगा, नोंद करा. नंतर घरच्यांशी बोलणं वरिष्ठ डॉक्टर करतील, पण त्या खोलीत तुम्हीही बसा. काय झालं ते साध्या शब्दांत, झालं त्याबद्दल मनापासून माफी, पुढे काय करणार ते, आणि तपासाचं जे निघेल ते कळवण्याची तारीख. चूक सांगितली म्हणून विश्वास जातो, असा माझा अनुभव नाही. दुसरीकडून कळली की जातो, आणि मग परत येत नाही.

9. घरी पाठवण्याची तयारी दाखल होतानाच

डिस्चार्जच्या दिवशी दुपारी घाईनं कागद हातात द्यायचा, ही आपली नेहमीची रीत आहे. त्याऐवजी दाखल झाल्यापासूनच विचारायला लागा : घरी जिने किती? रात्री सोबत कोण? औषधं कोण देतं, त्याला वाचता येतं का, दिसतं का? काळजी घेणारी बाई स्वतः आजारी आहे, हे आम्हाला एकदा तिसऱ्या भरतीच्या वेळी कळलं. पहिल्याच वेळी विचारलं असतं तर पुढच्या दोन टळल्या असत्या, असं मला अजून वाटतं.

10. वॉर्डाच्या पलीकडे

बॉस्टनच्या डाना-फार्बर कर्करोग संस्थेत 1994 मध्ये केमोथेरपीचा डोस चौपट दिला गेला आणि बेट्सी लेमन या पत्रकार पेशंटचा मृत्यू झाला. त्यानंतर संस्थेनं जे बदल केले, त्यात पेशंट आणि घरच्यांचं सल्लागार मंडळ होतं. पुढे 2008 मध्ये मॅसेच्युसेट्स राज्यानं कायदा करून सर्व रुग्णालयांना अशी मंडळं नेमायला लावली. जागतिक आरोग्य संघटना 2019 पासून 17 सप्टेंबर हा रुग्णसुरक्षा दिन पाळते. 2023 मध्ये त्याचा विषयच रुग्णांचा सहभाग हा होता.

तुम्हाला लगेच मंडळ स्थापन करायची गरज नाही. वॉर्डातला एक कागद निवडा, डिस्चार्जचं सूचनापत्रक चालेल, आणि बरे होऊन गेलेल्या दोन-तीन पेशंटना व त्यांच्या घरच्यांना तो वाचायला बोलवा. आम्ही बोलावलं तेव्हा एका गृहस्थांनी ‘मलविसर्जनातील बदल आढळल्यास त्वरित संपर्क साधावा’ या ओळीवर बोट ठेवलं आणि विचारलं, “म्हणजे नक्की काय दिसल्यावर यायचं? आणि संपर्क कुठे? रात्री फोन कोण उचलतं?” रात्री तो फोन कुणीच उचलत नव्हतं, हे आम्हालाही त्याच दिवशी कळलं.

नुकताच कुणाचा मृत्यू झालाय किंवा ज्यांची तक्रार अजून चालू आहे, अशा घरच्यांना लगेच बोलावू नका, त्यांना वेळ द्या. ज्यांना बोलवाल त्यांचा येण्याजाण्याचा खर्च रुग्णालयानं द्यावा, यासाठी आग्रह धरा. बैठकीत कर्मचारी पाच आणि पेशंट एक असं करू नका, तो एकटा काही बोलणार नाही. आणि पुढच्या बैठकीला आधी बदललेला कागद त्यांच्या हातात द्या, मग नवे विषय काढा.